खडू तरुणांच्या हाती : जालन्यात टोपोलॉजीचं शिबिर भरवायचं तर

गणितात एम.एस्सी. करून तासिका तत्त्वावर शिकवणारी आणि सोबत पीएच.डी.ची नोंदणी केलेली मुलं-मुली मराठवाड्यात कमी नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात बी.एस्सी.चे तास, दुपारी दुसऱ्या ठिकाणी तास, रात्री नेट-सेटची तयारी, आणि त्यातून वेळ उरलाच तर स्वतःचं संशोधन. ज्यांनी टोपोलॉजी निवडली आहे त्यांची अडचण आणखी वेगळी. एम.एस्सी.ला मंक्रेसच्या पुस्तकातून कॉम्पॅक्ट, कनेक्टेड, हाउसडॉर्फ एवढं झालेलं असतं. फंडामेंटल ग्रुपची तोंडओळख झाली तर झाली. तिथून होमॉलॉजी, कोहोमॉलॉजी, फायबर बंडल इथपर्यंतची वाट एकट्याने काढायची असते. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, ‘हे उघडच आहे’. वाचणाऱ्याला ते उघड दिसत नाही. मार्गदर्शक बहुधा दुसऱ्या शाखेतले असतात. मग ती एक ओळ महिनोन्‌महिने अडून राहते.

टोपोलॉजीत हे जास्त होतं, याला कारण आहे. हा विषय बराचसा हात हलवून, चित्र काढून, समोरासमोर बोलून पुढे जातो. पृष्ठभागावरची एखादी वाटोळी रेषा कशी सरकवायची, कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं, हे जाणकाराने फळ्यावर दोन मिनिटांत दाखवलं की कळतं, पण छापील पानावर त्याचीच चार पानं होतात आणि तरी नेमकी हालचाल निसटते. म्हणून या विषयातल्या नवख्या संशोधकाला पुस्तकांइतकीच माणसांची गरज असते. थोड्या दिवसांसाठी का होईना, त्याच प्रश्नांवर डोकं खाजवणारी पंचवीस-तीस माणसं एका छपराखाली आणणं ही त्याला करता येण्यासारखी सर्वांत मोठी मदत आहे. अशी मदत करू पाहणारे विभागप्रमुख, शिक्षक आणि खर्चाला हातभार लावू शकणारे जालन्याचे उद्योजक यांच्यासाठी हा लेख आहे. शिबिराला येणाऱ्या तरुणांसाठीही यात थोडं आहे.

शून्यापासून सुरुवात करायची नाही, हे आधी लक्षात घ्यावं. भारतीय गणित परिषदेची म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना 1907 सालची. तिचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात होतं, आणि दूरदूरच्या सभासदांना पुस्तकं आणि नियतकालिकं मिळावीत हाच त्यामागचा मूळ हेतू होता. एकट्या पडलेल्या गणितज्ञाला सोबत मिळवून देणं ही महाराष्ट्रातली शंभर वर्षांहून जुनी धडपड आहे. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. 1993 साली एस. कुमारेसन यांनी एमटीटीएस हा उन्हाळी उपक्रम सुरू केला. त्यात शिक्षक सतत प्रश्न विचारत राहतो आणि उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या राष्ट्रीय गणित केंद्राकडून देशभर गणिताच्या प्रगत प्रशिक्षणाच्या एटीएम शाळा चालतात. त्यांतल्या वार्षिक पायाभूत शाळांमध्ये बीजगणित आणि विश्लेषणाच्या जोडीला टोपोलॉजी असते, आणि पुढच्या पातळीसाठी एकेका विषयावरच्या प्रगत शाळा असतात. या शाळांची घडी इतकी नीट बसलेली आहे की जालन्यात काही करायचं तर तिचाच नमुना घ्यावा, आणि जमलं तर त्याच छत्राखाली प्रस्ताव पाठवावा. प्रस्ताव आदल्या वर्षीच जायला हवा. तीन महिने आधी जाग आली तर उपयोग नाही.

जालनाच का? मुंबई-पुण्याला जाऊन शिबिर करता येतंच. पण अंबड, परतूर, सेलू, मेहकर, सिल्लोड इथल्या शिक्षकाला तिथवर जाणं म्हणजे राहण्याचा, रजेचा आणि घरच्यांना समजावण्याचा प्रश्न. जालना मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहे, समृद्धी महामार्ग शेजारून जातो, चिकलठाण्याचा विमानतळ रस्त्याने तास-सव्वातासावर आहे. बाहेरचे जाणकार एका दिवसात पोहोचू शकतात आणि नांदेड-परभणीची मुलं सकाळच्या गाडीने येऊ शकतात. आणि औरंगाबाद रस्त्यावरच्या अतिरिक्त औद्योगिक क्षेत्रात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयसीटीचं, मराठवाडा संकुल 2018 पासून उभं आहे. मुंबईत 1933 साली सुरू झालेल्या संस्थेची ही शाखा. सळईच्या मिला आणि बियाण्यांच्या कंपन्या यांच्या सान्निध्यात एक उच्चशिक्षण संस्था असणं ही गणिताच्या माणसांनी वापरून घेण्याची संधी आहे. तिथे किंवा शहरातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात, जिथे जागा मिळेल तिथे भरवा. मात्र राहणं, जेवण आणि वर्ग एकाच आवारात हवेत, ही माझ्या दृष्टीने अट आहे. रात्री नऊनंतर एमआयडीसीच्या रस्त्यावर मालट्रकांची रहदारी असते. सगळे शहरातल्या चार लॉजमध्ये विखुरले तर संध्याकाळी सहाला शिबिर संपतं. खरं गणित त्यानंतरच सुरू होतं.

तारखा ठरवताना तीन कॅलेंडरं समोर ठेवा. विद्यापीठाच्या परीक्षांचं पहिलं, कारण तरुण शिक्षकांवर पर्यवेक्षण आणि पेपर तपासणीची कामं असतात आणि त्यातून त्यांना सहज सुटका मिळत नाही. दुसरं पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये जालन्याला टँकर धावतात, तापमान चाळिशी ओलांडतं, आणि वसतिगृहात तीस माणसांची सोय करणं यजमानाला जड जातं. तिसरं तासिका तत्त्वाचं, आणि याचा विचार कोणीच करत नाही. नियमित प्राध्यापकाला ड्यूटी लीव्ह मिळते आणि पगार चालू राहतो. तासिका तत्त्वावरच्याचा तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले. दहा दिवस शिबिराला आला तर तितक्या तासांची कमाई गेली. प्रवासखर्च आणि जेवण देऊन आपण उपकार करतो असं आयोजकांना वाटतं, आणि ज्याला शिबिराची सर्वांत जास्त गरज आहे तोच अर्ज भरत नाही.

पैशाचं गणित इथूनच मांडा. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, म्हणजे एनबीएचएम, 1983 पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली गणिताला मदत करतं. परिषदा आणि कार्यशाळांसाठी त्याचं अनुदान असतं. ते मिळालं तर वक्त्यांचा आणि सहभागींचा प्रवास, राहणं, जेवण हे भागू शकतं. पण बुडालेल्या तासांची भरपाई सरकारी अनुदानाच्या चौकटीत बसवणं कठीण. तिथे जालन्याच्या उद्योजकांनी पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपन्यांचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, किंवा ज्यांची उलाढाल वा नक्त मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आहे, त्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण हा त्यात मान्य विषय आहे. कंपनी हे पैसे दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली असावी लागते. शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात हे आधीच तपासून घ्या. लहान रोलिंग मिल या कायद्यात बसत नसली तरी मालकाला जाऊन भेटायला हरकत नाही. मात्र त्याच्याकडे फ्लेक्स, पिशव्या आणि स्मृतिचिन्हांसाठी पैसे मागू नका. पंधरा तरुणांच्या बुडालेल्या तासांचे पैसे, संध्याकाळची बस आणि चार मोठे फळे मागा. यादी अशी नेमकी असली की देणाऱ्यालाही आपला पैसा कुठे गेला ते दिसतं.

मिलमालकाला टोपोलॉजी म्हणजे काय हेही सांगायला हवं, आणि ते त्याच्याच मालावर सांगता येतं. स्लॅबसाठी बांधलेली सळईची जाळी घ्या. चार सळया आडव्या, चार उभ्या. सांधे झाले सोळा. सांध्या-सांध्यांमधले तुकडे मोजले तर चोवीस. चोवीसातून सोळा वजा करून एक मिळवा, नऊ आले. जाळीत चौकोनी खिडक्याही नऊच. जाळी वाकवली, ताणली, गोळा केली तरी हा नऊ बदलत नाही. एखादा तुकडा कापला की मात्र तो आठ होतो. आकार बिघडला तरी न बिघडणारं असं काही शोधणं हेच टोपोलॉजीचं काम, आणि या नवाला तिथे पहिला बेटी अंक म्हणतात. याच कल्पनेतून आलेली पर्सिस्टंट होमॉलॉजी आज काचेसारख्या अस्ताव्यस्त अणुरचनेच्या पदार्थांमधली लपलेली रचना ओळखायला वापरली जाते. 2016 सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल पदार्थांच्या टोपोलॉजिकल अवस्थांवरच्या कामाला मिळालं. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी झाँ-पियेर सोव्हाज यांनी एकमेकांत अडकवलेल्या कड्यांचे रेणू बनवले होते. आयसीटीसारख्या ठिकाणी शिबिर भरत असेल तर एक संध्याकाळ अशा खुल्या व्याख्यानाला द्या. रसायनाची मुलंही येतील. पण एकच संध्याकाळ. बाकीचा वेळ ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्यांचा.

विषय किती रुंद ठेवायचा?

इथे आयोजकांचा हात सैल सुटतो. पत्रिकेवर ‘टोपोलॉजी आणि तिचे उपयोग’ असं नाव येतं, बारा वक्ते येतात, प्रत्येक जण आपल्या ताज्या शोधनिबंधावर पन्नास मिनिटं बोलून संध्याकाळच्या गाडीने परत जातो. श्रोत्यांतल्या तरुणाला पाचव्या मिनिटापासून काही कळत नाही, आणि शेवटी त्याच्या हाती उरतं सहभागाचं प्रमाणपत्र. असले मेळावे ज्येष्ठांच्या ओळखी ताज्या करायला ठीक असतील. नवख्याला त्यातून काही मिळत नाही.

विषय अरुंद घ्या आणि त्यात खोल जा. उदाहरणार्थ पृष्ठभागांचे मॅपिंग क्लास ग्रुप. फार्ब आणि मार्गालिट यांचं 2012 साली निघालेलं पुस्तक हाताशी ठेवून दहा दिवसांचा आराखडा सहज आखता येतो. सुरुवात टोरसपासून. टोरसचा मॅपिंग क्लास ग्रुप म्हणजे पूर्णांकांच्या दोन बाय दोन मॅट्रिक्सचा, डिटर्मिनंट एक असलेला ग्रुप, हे पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या हातात पडतं, कारण मॅट्रिक्स सगळ्यांना येतात. मग डेन ट्विस्ट, म्हणजे पृष्ठभागावरची एक पट्टी पूर्ण एक फेरा पिळायची. मर्यादित संख्येच्या अशा पिळांमधून सगळा ग्रुप तयार होतो हे डेन आणि लिकोरिश यांचं प्रमेय, आणि दोन छिद्रांच्या पृष्ठभागाला असे पाच पीळ पुरतात हे हम्फ्रीजचं. शेवटी नील्सन–थर्स्टन वर्गीकरणाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. या विषयाचा एक मोठा फायदा असा की यातले जाणकार आपल्याच राज्यात आहेत. टाटा संस्थेत महान महाराज हायपरबॉलिक भूमिती आणि ग्रुप यांच्या सीमेवर काम करतात, त्यांना 2011 साली भटनागर पुरस्कार आणि 2015 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

ग्रंथी-सिद्धांत, म्हणजे नॉट थिअरी, घेतला तरी चालेल. त्यात आयआयटी मुंबईचे अनंत शास्त्री यांनी 1992 साली दाखवलं की ट्रेफॉइल गाठ बहुपदींनी लिहिता येते, आणि महाराष्ट्रातल्या मुलांना हे आपल्या इथलं गणित म्हणून सांगता येतं. त्यांचं बीजीय टोपोलॉजीवरचं पुस्तक 2013 साली निघालं. ते आणि हॅचरचं पुस्तक, जे लेखकाने स्वतःच सर्वांसाठी फुकट खुलं ठेवलं आहे, ही जोडी तयारीला पुरेशी आहे.

निवड आणि तयारी

तीसच्या वर माणसं घेऊ नका. अर्जात गुणांची टक्केवारी मागण्याऐवजी एक पान मागा : तुम्हाला आवडलेलं एक प्रमेय आणि त्याची सिद्धता, स्वतःच्या शब्दांत. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, हिंदीत लिहा. एका पानात माणूस किती प्रामाणिकपणे विचार करतो ते दिसतं, आणि नामांकित संस्थेत न शिकलेल्याला समान संधी मिळते. निम्म्या जागा मराठवाड्यातल्या आणि लगतच्या जिल्ह्यांतल्या उमेदवारांसाठी ठेवा, उरलेल्या देशभरासाठी. सगळे एकाच विद्यापीठाचे असले की शिबिराचा वर्ग होतो, आणि सगळे बाहेरचे असले की स्थानिक मुलं गप्प बसतात. मुलींचे अर्ज मुद्दाम मागवा. लहान मूल असलेल्या प्राध्यापिकेला सोबत आई किंवा सासूला आणता येईल अशी एक खोली ठेवा, आणि ते जाहिरातीतच लिहा. विचारलं तर देऊ, असं मनात ठेवून चालत नाही. अशी गोष्ट कोणी विचारत नसतं.

शिबिर सुरू होण्याच्या तीन महिने आधी काम सुरू व्हायला हवं. निवडलेल्यांच्या पाच-पाच जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक ट्यूटर द्या. ट्यूटर म्हणजे नुकतीच पीएच.डी. झालेला किंवा पोस्टडॉक करणारा, फार मोठा माणूस नको. दर आठवड्याला एक तास ऑनलाइन बसून हॅचरचा पहिला अध्याय आणि दुसऱ्याचा थोडा भाग उदाहरणांसकट उरकायचा. ज्यांची फंडामेंटल ग्रुपशी नीट ओळख नाही ते इथे सावरतात. शिबिराचा पहिला दिवस त्यामुळे व्याख्या लिहून देण्यात जात नाही.

शिबिराचा दिवस

सकाळी दोन व्याख्यानं. त्याहून एकही जास्त नको, पाहुणे कितीही मोठे असोत. दुपारी तीन तास ट्यूटोरियल, आणि एटीएम शाळांकडून घेण्यासारखी खरी गोष्ट हीच. ट्यूटोरियलमध्ये ट्यूटर सोडवून दाखवत नाही. सहभागी फळ्यावर जातो.

ते कसं चालावं याचं एक उदाहरण देतो. पहिल्याच दुपारी क्लाइन बॉटलची होमॉलॉजी काढायला द्या. चौकोन घ्या, कडा क्रमाने ए, बी, ए, आणि उलट दिशेने बी. चिकटवल्यावर एक शिरोबिंदू, दोन कडा आणि एक पृष्ठ उरतं. एका मुलाला पूर्णांक सहगुणक घेऊन काढायला सांगा. पृष्ठाची सीमा येते दोन ए, कारण बी एकदा पुढे आणि एकदा मागे जाऊन कटतो. ती शून्य नाही, म्हणून दुसरा होमॉलॉजी ग्रुप शून्य, आणि पहिल्यात एक पूर्णांकांचा भाग आणि एक दोन-क्रमाचा भाग. शेजारच्या फळ्यावर एका मुलीला मॉड्युलो दोन काढायला सांगा. तिच्याकडे दोन ए म्हणजे शून्य, म्हणून दुसरा होमॉलॉजी ग्रुप शून्य येत नाही, दोन घटकांचा येतो. आता दोघांची उत्तरं शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. वर्गात कुजबूज सुरू होते. इथे ट्यूटरने तोंड बंद ठेवायचं आणि एवढंच विचारायचं : मग हा जास्तीचा घटक आला कुठून? कोणीतरी म्हणेल की पहिल्या ग्रुपमधल्या दोन-क्रमाच्या भागातून आला असावा. कोणीतरी युनिव्हर्सल कोइफिशंट प्रमेयाचं नाव घेईल, कारण वाचलेलं असतं. टॉर नावाची गोष्ट तोवर पुस्तकातलं एक चिन्ह होती. आता ती कशासाठी आहे ते त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. यात चाळीस मिनिटं जातात. व्याख्यानात हेच पाच मिनिटांत सांगता आलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरलंही गेलं असतं.

फळ्यावर गेलेला माणूस अडकला की खाली बसवू नका. टोपोलॉजीतला प्रत्येक माणूस रोज अडकतो. अडकल्यावर उभं कसं राहायचं हे तिथेच शिकायचं असतं. शांततेला घाबरू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. आणि बोली कुठलीही असू दे. ‘सर, हा लूप इथून ओढला तर चालंल का’ असं विचारणाऱ्याची शंका अचूक असते. त्याला इंग्रजीत बोलायला लावलं तर तो विचारणारच नाही. शब्द इंग्रजी, वाक्य मराठी, अशीच आपली खरी गणिती बोली आहे. बाहेरून आलेल्यांसाठी शेजारच्याने हिंदीत सांगावं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतंच.

शेवटचे तीन दिवस सहभागींची व्याख्यानं ठेवा. जर्मनीत ओबरवोल्फाखला 1944 पासून गणिताचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट नावाच्या बैठकांमध्ये विषय शिकायला आलेलेच त्यावरची व्याख्यानं देतात. अमेरिकेतल्या टॅलबट कार्यशाळेत तरुण टोपोलॉजिस्ट एकत्र राहतात, आपापसांत व्याख्यानं वाटून घेतात, आणि ज्येष्ठ मार्गदर्शक सोबत असतात. जालन्यात हे अशक्य नाही. विषय महिनाभर आधी वाटून द्या, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि आदल्या रात्री ट्यूटरसमोर एक रंगीत तालीम. तालमीत एकच गोष्ट पाहा : पहिल्या दहा मिनिटांत एक ठोस उदाहरण आलं की नाही. स्लाइड नकोत. फळ्यावर लिहिताना वेग आपोआप श्रोत्याच्या बेताचा होतो, आणि स्वतःला न समजलेली ओळ फळ्यावर लिहिता येत नाही.

ओबरवोल्फाखची आणखी एक पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे जेवणाच्या वेळी नावं घातलेले रुमाल दर वेळी वेगळ्या जागी ठेवतात, म्हणजे कोण कोणाशेजारी बसेल हे ठरलेलं नसतं. आपल्याकडे पंगतीत ज्येष्ठ एका टोकाला आणि पोरं दुसऱ्या टोकाला बसतात. ताटापाशी नावाच्या चिठ्ठ्या ठेवा. भाकरी-पिठलं खाताना विचारलेल्या प्रश्नातून पुढच्या वर्षाचं काम सुरू होऊ शकतं.

एखादी संध्याकाळ गणिताबाहेरच्या व्यवहारासाठी द्या. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या, सीएसआयआर आणि एनबीएचएमच्या शिष्यवृत्त्या, पोस्टडॉकचे अर्ज, संशोधनाचं एका पानाचं निवेदन कसं लिहायचं, हे कोणी सांगत नाही आणि मुलं विचारत नाहीत. नियतकालिकांचं तर खास सांगा. यूजीसीने 2025 च्या फेब्रुवारीत आपली मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. आता नियतकालिक चांगलं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हे तरुणालाच ओळखावं लागतं. लेख पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचं संपादकमंडळ पाहा, त्यातल्या दोन जणांचं काम अर्काइव्हवर शोधा, आणि झेडबीमॅथ या गणिताच्या संदर्भसंग्रहात ते नियतकालिक आहे का बघा. झेडबीमॅथ 2021 पासून सर्वांना फुकट आहे.

आता येणाऱ्या तरुणांना दोन शब्द. येताना स्वतःचा अडलेला प्रश्न एका पानावर लिहून आणा. कोणी विचारेल तेव्हा दाखवायचं. ‘मी अजून नवीन आहे’ हे वाक्य गावी ठेवून या, ते सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. व्याख्यान चालू असताना दहाव्या मिनिटाला धागा सुटला तर तिथेच हात वर करा. तुमच्या पाठीमागे आठ जणांचा सुटलेला असतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसातली एक सिद्धता वही न बघता लिहा. आणि एका माणसाशी पक्की जोडी जमवा, ज्याच्याशी तुम्ही शिबिरानंतर दर आठवड्याला फोनवर गणित बोलू शकाल. एका ज्येष्ठाची ओळख झाली नाही तरी चालेल. एक बरोबरीचा माणूस मिळायलाच हवा.

ट्यूटर आणि वक्त्यांनीही एक लक्षात ठेवावं. पोस्टडॉकच्या किंवा नोकरीच्या अर्जाला शिफारसपत्र लागतं, आणि छोट्या महाविद्यालयातल्या मुलाकडे विषय जाणणाऱ्याचं पत्र नसतं. दहा दिवस ज्याला तुम्ही फळ्यावर झगडताना पाहिलंत त्याच्याबद्दल तुम्ही खरं आणि नेमकं लिहू शकता. ‘विद्यार्थी कष्टाळू आहे’ असं पत्र कुणाच्या कामी येत नाही. त्याने कुठलं उदाहरण स्वतः शोधलं, कुठली चूक स्वतः पकडली, ते लिहा. तसं पत्र त्या मुलाला पुण्याच्या आयसरच्या किंवा टाटा संस्थेच्या दारापर्यंत नेऊ शकतं.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभ छोटा ठेवा आणि उरलेल्या वेळात पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक ठरवूनच उठा. महिन्यातून एका शनिवारी ऑनलाइन बैठक, त्यात दोन सहभागींची व्याख्यानं. त्याच तुकड्या, तेच ट्यूटर. सहा महिन्यांच्या मध्यावर छत्रपती संभाजीनगरला किंवा जालन्यालाच एक दिवसाची प्रत्यक्ष भेट, सकाळी येऊन रात्री परतता येईल अशी. प्रत्येक जोडीने शिबिरातल्या एका विषयावर दहा-बारा पानांचं टिपण तयार करायचं, उदाहरणांसकट. छापण्यासाठी नाही, पुढच्या वर्षी येणाऱ्यांना तयारीत वाचायला द्यायला. आयोजकांनी या बैठकांना खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच जागा ठेवावी, नाहीतर उत्साह दोन महिन्यांत विरतो. आणि पुढच्या वर्षीचा प्रस्ताव लिहाल तेव्हा ट्यूटरांच्या यादीत या तिसांतली दोन नावं घाला.